कवठ: पुण्यात पहिल्यांदाच विकत घेणाऱ्यांसाठी

माघ महिना उतरणीला लागला की पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या आसपास, बेलाच्या पानांच्या जुड्या आणि बोरांचे ढीग यांच्या शेजारी, राखेत घोळून काढल्यासारखी दिसणारी पांढुरकी, खरबरीत, चेंडूएवढी फळे मांडलेली दिसू लागतात. ही कवठे. महाशिवरात्रीच्या उपासाला कवठाची चटणी करण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे, त्यामुळे त्या आठवड्यात हे फळ हमखास मिळते आणि नंतर हळूहळू दिसेनासे होते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात आलेल्या पुष्कळ मंडळींना ते ओळखता येत नाही, आणि पुण्यातच वाढलेल्या तरुण घरांतूनही ते मागे पडत चालले आहे. कवच लाकडासारखे टणक, वास उग्र, पहिला घास तुरट-आंबट. अशा फळाच्या वाटेला जावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

माझ्या अनुभवाप्रमाणे कवठाबद्दलची बहुतेक नाराजी एकाच चुकीतून निर्माण होते, आणि ती चूक म्हणजे ते कच्चे फोडणे. मी स्वतः पहिल्या वर्षी आणलेले कवठ त्याच संध्याकाळी फोडले, फिकट गरात भरपूर गूळ घालून चटणी वाटली, आणि दोन दिवस घसा धरून बसलो. कवठ किती पिकले आहे यावरच त्याची चव, त्याचा पोटावर होणारा परिणाम आणि त्यापासून काय करावे हे सारे ठरते. म्हणून या लेखात पाककृतींच्या आधी पिकण्याची गोष्ट आली आहे आणि तिला जागाही जास्त दिली आहे.

फळाची ओळख

संस्कृतात कवठाला कपित्थ म्हणतात. गणपतीच्या ‘गजाननं भूतगणादिसेवितं’ या श्लोकात जांभळाच्या जोडीने येणारे कपित्थ ते हेच. हिंदीत कैथ, गुजरातीत कोठुं, तमिळमध्ये विळाम्पळम् आणि श्रीलंकेत दिवुल ही त्याची नावे आहेत. शास्त्रीय नाव लिमोनिया ॲसिडिसिमा असून हे झाड लिंबू-संत्र्यांच्या, म्हणजे रुटेसी कुळातले आहे. पान चुरगळून हुंगले की ते नाते लगेच पटते. झाड काटेरी, कोरड्या हवेत तग धरणारे आणि अत्यंत सावकाश वाढणारे आहे. बी लावले तर फळ धरायला पंधरा-पंधरा वर्षे लागू शकतात, आणि बांधावरची जुनी झाडे तुटल्यावर त्यांच्या जागी नवी का उभी राहिली नाहीत याचे एक कारण मला त्यात दिसते. शिरूर तालुक्यातील कवठे यमाई किंवा सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ ही गावांची नावे ऐकली की हे झाड एके काळी किती ओळखीचे असेल याची कल्पना येते.

नवख्या माणसाची पहिली गफलत बेलफळाशी होते, कारण दोन्ही फळे एकाच कुळातली, दोन्ही कठीण कवचाची आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच टोपलीच्या आजूबाजूला दिसणारी. बेलफळाचे कवच गुळगुळीत, हिरवे ते पिवळसर असते आणि आतला गर पिवळा-नारिंगी, गोडसर व चिकट असून त्यातील बिया बुळबुळीत डिंकात बसलेल्या असतात. कवठाचे कवच मात्र करडे-पांढरे व खरखरीत असते, आतला गर तपकिरी व आंबट असतो आणि बारीक पांढऱ्या बिया सबंध गरात विखुरलेल्या असतात. पानांवरून ओळखायचे तर बेलाचे पान त्रिदळ असते, कवठाच्या पानाला सहसा पाच ते सात पर्णिका असतात.

पहिली पायरी: निवड

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी खरेदीला जाऊ नये. त्या दिवशी गर्दी असते, निवडायला वेळ मिळत नाही आणि पिकलेली फळे सकाळीच संपलेली असतात. आठ-दहा दिवस आधी गेल्यास चांगली फळे मिळतात आणि घरी पिकवायला अवधीही राहतो.

फळ हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने जड वाटले पाहिजे. हलके लागणारे फळ आतून वाळलेले असण्याची शक्यता असते. त्यानंतर ते फिरवून कवचावर कोठे बारीक भोक किंवा चीर आहे का, हे नीट पाहावे. संस्कृतात ‘गजभुक्तकपित्थ’ असा एक न्याय आहे: हत्तीने गिळलेले कवठ बाहेरून अखंड दिसते, पण आतून पोकळ झालेले असते. काही जण या न्यायातील गज म्हणजे हत्ती नव्हे, तर फळ पोखरणारी कीड असा अर्थ लावतात. अर्थ कोणताही घ्यावा, बाहेरून धड दिसणारे कवठ आतून रिकामे किंवा किडलेले निघू शकते हा इशारा खरेदी करताना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

देठाकडची बाजू नाकाशी धरावी. पिकलेल्या कवठाचा वास कवच न फोडताही येतो. त्यात गुळाचा गोडवा असतो आणि किंचित आंबूसपणाही असतो. वासच येत नसेल तर फळ कच्चे समजावे. दुसरी परीक्षा जुनी आणि भरवशाची आहे: कवठ साधारण वीतभर उंचीवरून कठीण फरशीवर सोडावे. कच्चे कवठ उसळी घेते, पिकलेले बद्द आवाज करून जागच्या जागी राहते. विक्रेत्या मावशींना ही परीक्षा ठाऊक असते आणि बहुधा त्या स्वतःच ती करून दाखवतात. त्यांना ‘मावशी, आज खायला द्या एक आणि आठ दिवसांनी फोडायला दोन’ असे स्पष्ट सांगितले, तर त्या हाताने चाचपून वेगवेगळी फळे काढून देतात.

दुसरी पायरी: पिकवणे

घरी आणलेले कवठ फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत त्याचे पिकणे थांबते. फळे धुऊन, पूर्ण कोरडी करून दिवसा उन्हात आणि रात्री तांदळाच्या डब्यात किंवा गोणपाटात ठेवावीत. झाडावरून पूर्ण वाढलेले पण कच्चे उतरवलेले फळ असे पिकायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ घेऊ शकते. बाजारात आलेली फळे बरेचदा अर्धी वाट चालून आलेली असल्यामुळे चार ते आठ दिवसांत तयार होतात. खोलीत शिरताच वास येऊ लागला की फळ फोडायला योग्य झाले. त्यानंतर फार दिवस ठेवू नये, कारण आंबूस वासाचे रूपांतर आंबल्याच्या वासात व्हायला वेळ लागत नाही.

या काळात आत काय घडते, हे समजून घेतल्यास पुढची कामे सोपी होतात. कच्च्या गराचा रंग फिकट, मळकट पांढरा ते गुलाबीसर असतो आणि त्यात टॅनिन या तुरट द्रव्याचा जोर असतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधते, म्हणून जीभ आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. फळ पिकत जाते तशी ही तुरटी उतरते, गोडवा वाढतो, गर मऊ होऊन गडद तपकिरी होतो आणि वास उघडतो. या दोन टोकांच्या मधली जी अवस्था, चिंच गाभुळते तशी, तिच्यात आंबटपणा व तुरटपणा दोन्ही असतात, पण घशाला बोचण्याइतके नाही. त्या अवस्थेतले कवठ जेलीला उत्तम, पूर्ण पिकलेले चटणीला व सरबताला उत्तम, आणि कच्चे कवठ नवख्याने वापरूच नये असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: फोडणे आणि गर काढणे

सुरी किंवा कोयता वापरू नये. गोल, कठीण कवचावरून पाते घसरते आणि हाताला इजा होते. फळ जाड फडक्यात गुंडाळून पाट्यावर किंवा ओट्यावर ठेवावे आणि खलबत्त्यातील बत्त्याने त्याच्या मध्यरेषेवर, थोडे थोडे फिरवत, बेताचे घाव घालावेत. नारळ फोडण्याची सवय असलेल्यांना हे लगेच जमते. एकदम जोराचा घाव घातला तर कवचाचे कपचे गरात मिसळतात, आणि ते दाताखाली आले तर दात दुखावू शकतो. म्हणून गर चमच्याने काढल्यावर तो बोटांनी एकदा चाचपून पाहणे आवश्यक आहे.

गर पाहताच तीन गोष्टी तपासाव्यात. त्यावर पांढरी, हिरवी वा काळी बुरशी असेल, कीड किंवा तिची विष्ठा दिसत असेल, किंवा दारूसारखा झोंबणारा वास येत असेल, तर पूर्ण फळ टाकून द्यावे. खराब भाग काढून उरलेला वापरण्याची काटकसर येथे करू नये. गर फिकट निघाला, तर फोडलेले कवठ पुन्हा पिकणार नाही. असा गर जेलीत दुसऱ्या, गाभुळलेल्या गरासोबत थोडा मिसळता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

मध्यम आकाराच्या कवठातून साधारण पाऊण ते एक वाटी गर निघतो. बिया खाण्यायोग्य असतात आणि चटणीत त्या कुरकुरीत लागतात, म्हणून मी त्या काढत नाही. सरबत किंवा बर्फीसाठी मात्र गर थोडे पाणी घालून कुस्करावा आणि पुरणयंत्रातून काढावा. बिया व दोरे वर राहतात आणि खाली एकजीव गर मिळतो. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. लोखंडी भांड्यात टॅनिनमुळे गर काळा पडतो, तर ॲल्युमिनियम, पितळ वा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्याशी त्यातील आम्लाची क्रिया होते.

चौथी पायरी: चटणी

प्रथमच कवठ खाणाऱ्याने चमचाभर पिकलेला गर, तेवढाच चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ एकत्र कालवून चाखावे. हे फळ आपल्याला आवडणार की नाही, हे तेथेच कळते.

चटणीसाठी एक वाटी पिकलेला गर, पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक चमचा भाजलेले जिरे, अर्धा चमचा लाल तिखट किंवा दोन हिरव्या मिरच्या आणि चवीपुरते मीठ घ्यावे. जिरे, मीठ व मिरची आधी वाटावी, मग गर व गूळ घालून पुन्हा वाटावे. पाणी घालण्याची गरज नसते, कारण गुळाला पाणी सुटते आणि वाटताना घट्ट वाटणारी चटणी पंधरा मिनिटांत सैल होते. गुळाचे प्रमाण आंधळेपणाने पाळू नये. गर आंबट असेल तर गूळ गराच्या बरोबरीने लागतो, गोड असेल तर अर्धा वाटीही पुरतो. मिक्सर वापरायचा असेल तर थांबून थांबून, अगदी थोडा वेळ फिरवावा. बिया पूर्ण भरडल्या गेल्या की चटणीला कडवटपणा येतो, आणि पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव सरस लागते याचे कारण मला हेच वाटते.

ही चटणी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ किंवा उपासाच्या थालीपिठाबरोबर चांगली लागते. उपास नसेल तेव्हा ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहावी. माझ्या दृष्टीने तिची खरी जोडी भाकरीशीच जमते. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ती आठवडाभर टिकते.

सरबत आणि बर्फी

सरबतासाठी अर्धी वाटी पिकलेला गर तीन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवावा, हाताने कुस्करून गाळावा आणि त्यात गूळ, जिरेपूड व मीठ घालावे. वेलदोडा घालू नये. कवठाच्या स्वतःच्या वासाशी त्याचे पटत नाही. श्रीलंकेत या गरात नारळाचे दूध घालून पेय करतात, आणि इंडोनेशियात जावा बेटावरील रेम्बांग येथे कवठाचा पाक बाटलीत भरून विकला जातो. नारळाच्या दुधाचे पेय अवश्य करून पाहावे, कारण त्यातील स्निग्धपणा उरलीसुरली तुरटीही झाकून टाकतो.

कवठाची बर्फी म्हटले की नरसोबाची वाडी आठवते, आणि दत्तदर्शनाहून परतणाऱ्यांच्या पिशवीतून ती पुण्यातही येते. नवख्याने ती घरी करण्याआधी तेथील एकदा खाऊन पाहावी, म्हणजे रंग, वास आणि मऊपणा कसा असायला हवा हे कळेल.

पाचवी पायरी: जेली

जेलीवर मी मुद्दाम अधिक लिहितो आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या रंगीत जेलीची सवय असलेल्या मुलांना कवठाकडे वळवण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. कवठाच्या गरात पेक्टिन भरपूर असते, आणि जेली घट्ट होण्यासाठी लागणारे आम्लही त्यातच असते, त्यामुळे बाहेरून काहीही घालावे लागत नाही. पूर्ण पिकलेल्या फळात पेक्टिनची घट्ट करण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून जेलीसाठी गाभुळलेली कवठे निवडावीत.

चार कवठांचा गर मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घ्यावा, तो बुडून वर दोन बोटे राहील एवढे पाणी घालावे आणि मंद आचेवर अर्धा तास उकळावा. मधूनमधून ढवळावे, पण घोटू नये. मग स्वच्छ, ओल्या मलमलीच्या कापडात ओतून पुरचुंडी रात्रभर टांगून ठेवावी आणि खाली थेंब थेंब गळणारा रस जमा करावा. येथे पुरचुंडी पिळण्याचा मोह टाळणे फार महत्त्वाचे आहे, कारण पिळल्यावर गर रसात उतरतो आणि जेली गढूळ होते. दुसऱ्या दिवशी रस वाटीने मोजावा, दर वाटीमागे पाऊण वाटी साखर घालावी, साखर विरघळेपर्यंत आच मंद आणि त्यानंतर मोठी ठेवावी. वर येणारा फेस काढत राहावे. पंधरा-वीस मिनिटांनी, फ्रिजमध्ये थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकून बोटाने ढकलावा. त्यावर सुरकुती आली तर जेली झाली. तापमापक असेल तर १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावे. अधिक उकळल्यास जेलीऐवजी चिवट पाक होतो आणि तो दुरुस्त करता येत नाही. गरम असतानाच, उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरावी.

शरीरावर होणारा परिणाम

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे जे जुने, प्रचलित तक्ते आहेत, त्यांनुसार १०० ग्रॅम कवठाच्या गरात सुमारे १३० मिलिग्रॅम कॅल्शियम, ११० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ५ ग्रॅम तंतू असतात. लिंबाच्या कुळातले असूनही क जीवनसत्त्व जेमतेम ३ मिलिग्रॅम असते. त्याच तक्त्यांत पेरूचा आकडा २०० च्या वर आहे. तेव्हा ‘आंबट म्हणजे क जीवनसत्त्व’ हा समज कवठाला लागू पडत नाही. शिवाय आपण कवठ खातो ते दोन चमचे चटणीच्या रूपात, म्हणजे २५-३० ग्रॅम, आणि त्यातही अर्धा गूळ. एवढ्या चटणीतून कॅल्शियमची गरज भागत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कवठाचा खरा उपयोग पोटाशी निगडित आहे, आणि तेथेही पिकण्याची अवस्थाच निर्णायक ठरते. आयुर्वेदात कच्चे कपित्थ ग्राही, म्हणजे मल बांधणारे, आणि घशाला अपायकारक सांगितले आहे. पिकलेले कपित्थ तहान व उचकी शमवणारे, घसा साफ करणारे, पण पचायला जड मानले आहे. जुलाब व संग्रहणीवर दिले जाणारे कपित्थाष्टक चूर्ण याच फळाच्या नावाने ओळखले जाते. आजच्या भाषेत सांगायचे तर टॅनिन आतड्याच्या आवरणाला आवळते आणि पेक्टिन पाणी धरून ठेवते. दोन्ही मिळून पातळ शौचाला आवर घालू शकतात. मात्र जुलाबात शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हाच पहिला उपचार असतो, त्याची जागा कवठ घेऊ शकत नाही. जेवणात थोडी चटणी असली की तोंडाला चव येते आणि जड उपासाचे पदार्थ बरे वाटतात, हा अनुभव मात्र मी दरवर्षी घेतो.

याच गुणाची दुसरी बाजू अशी की ज्यांना बद्धकोष्ठाचा त्रास आहे त्यांनी कवठ अगदी थोडे खावे आणि त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे. मधुमेह असलेल्यांनी चटणीतील गूळ आणि जेलीतील साखर हिशेबात धरली पाहिजे. कवठाच्या अर्कावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर रक्तशर्करेसंबंधी काही प्रयोग झाले आहेत, पण त्यांवरून ताटातील चटणीला औषध ठरवता येत नाही आणि त्या भरवशावर गोळ्या कमी करणे धोक्याचे आहे. लहान मुलांना पहिल्यांदा देताना पाव चमचा द्यावा, कवचाचा कण नाही याची खात्री करावी आणि कच्च्या गरापासून त्यांना दूर ठेवावे.

गर साठवणे

हंगाम संपल्यावर कवठ मिळत नाही, म्हणून फाल्गुनात उरलेली फळे एकदमच फोडून ठेवणे सोयीचे पडते. गर एक-एक वाटीच्या मापाने हवाबंद डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. काही महिने तो चांगला राहतो आणि वैशाखात सरबताला उपयोगी पडतो. प्रत्येक डब्यावर तारखेबरोबर ‘पिकलेला’ किंवा ‘गाभुळलेला’ असे आठवणीने लिहावे. गोठल्यावर दोन्ही गर सारखेच तपकिरी दिसतात, आणि पूर्ण पिकलेल्या गराची जेली कितीही उकळली तरी नीट धरत नाही.